माध्वी: मधाची की मोहाची?

'माध्वी' म्हणजे मधापासून केलेली मदिरा, असा सरळ अर्थ सहसा दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मनुस्मृतीत गौडी, पैष्टी आणि माध्वी असे सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या दोन अनुक्रमे गुळाच्या व पिठाच्या, याबद्दल वाद नसला, तरी तिसरी मधाची की मधूकाच्या, म्हणजे मोहाच्या, फुलांची हा प्रश्न उरतोच, कारण 'मधूक' हे नावही 'मधु'वरूनच पडलेले आहे. कौटिल्य तर अर्थशास्त्रात 'मृद्वीकारसो मधु' असे स्पष्टच म्हणतो. त्याच्या लेखी मधु हे चक्क द्राक्षाचे मद्य असून कापिशायन आणि हारहूरक ही त्याची प्रदेशांवरून पडलेली नावे आहेत. अर्थाची ही सरमिसळ एकट्या संस्कृतातली नाही. 'मधु'च्याच मुळातला ग्रीक 'मेथ्यु' द्राक्षमद्याला लागला, रशियन 'म्योद' मधाला आणि त्याच्या पेयालाही चालतो, तर लिथुआनियनने मधाला 'मेदुस' आणि त्याच्या मद्याला 'मिदुस' अशी व्यवस्थित (आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाची) वाटणी करून टाकली. इंग्रजीत 'मीड' पेयापुरताच उरला. मधासाठी तेथे निराळाच शब्द रूढ आहे.