तिसऱ्या चढाईवर अव्वल पकडीचा जादा गुण कशासाठी?

मध्यरेषा:
प्रो कबड्डीच्या गेल्या तीन अंतिम सामन्यांचे गुणफलक पाहा. पुणेरी पलटण 28-25, हरियाणा स्टीलर्स 32-23, दबंग दिल्ली 31-28. चाळीस मिनिटांत एकाही विजेत्याला पस्तिशी गाठता आली नाही. पकडी सुधारल्या, बचावफळ्या तयार झाल्या, हे मान्यच. पण चढाईपटूचे हात नियमानेही बांधलेत आणि ती गाठ नेमकी कुठे आहे, ते सांगतो.

सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असतील तर पकडीला एक गुण जादा मिळतो, तीच अव्वल पकड. हे दोन नियम एकाच चढाईत एकमेकांवर बसले की काय होतं? यश आलं तर बहुतेक वेळा एक गुण. अपयश आलं तर समोरच्याला दोन, वर त्यांचा एक गडी जिवंत. म्हणजे तीनचे चार झाले, आपले सातचे सहा झाले आणि दारात आलेला लोण (समोरचा अख्खा संघ बाद करणं) लांबला. बरं, त्या चढाईपटूला परत फिरायची मुभाच नव्हती. नियमानेच त्याला आत ढकलायचं आणि नियमानेच दुप्पट दंड करायचा, हा कुठला न्याय?

माझं म्हणणं एवढंच की तिसऱ्या चढाईवर पकड झाली तर एकच गुण द्यावा. अव्वल पकडीचा जादा गुण पहिल्या दोन चढायांपुरता ठेवावा.

डावा कोपरा:
साफ चूक. असा नियम आला तर दुसऱ्याच दिवशी प्रत्येक प्रशिक्षक काय करेल? समोर तीन गडी उरले की पहिल्या दोन चढायांत निदानरेषा (चढाई वैध ठरायला ओलांडावी लागते ती रेषा) ओलांडून मुकाट्याने परत यायचं, धोका शून्य. तिसऱ्या चढाईला मुख्य चढाईपटू सोडायचा, कारण तिथे जादा गुणाची भीतीच नाही. तुमच्या सूचनेने चढाई मोकळी होणार नाही. उलट तीन गडी राहिलेल्या संघासमोर दर तीनपैकी दोन चढाया हमखास फुकट जातील.

तीन जणांनी किती जागा राखायची, तेही लक्षात घ्या. मैदान 13 बाय 10 मीटर. दोन्ही बाजूंचं एक-एक मीटर राखीव क्षेत्र (झटापट झाल्यावरच वापरता येणारी पट्टी) वजा केलं की झटापट सुरू होईपर्यंत रुंदी 8 मीटर. सातजणांत साखळ्या (हात धरून उभे राहिलेले बचावपटू) जमतात. तिघांत एक कोपरा (कडेचा बचावपटू), एक मध्यरक्षक (त्याच्या शेजारचा) आणि तिसरा जिथे गरज पडेल तिथे. एवढी उघडी जागा सांभाळून पकड करणाऱ्याला जादा गुण मिळतो तो उपकार म्हणून मिळत नाही. ती पकड खरोखरच अवघड असते.

मध्यरेषा:
दोन चढाया मुद्दाम फुकट घालवण्याची पळवाट राहते, हे बरोबर. मग असं करा. समोर तीन किंवा कमी गडी असतानाच पहिल्या दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील, तर तिसरीवरही जादा गुण राहू द्या, कारण चढाईपटूंनी दोनदा संधी सोडली. पण त्या रिकाम्या चढाया चार-पाच गड्यांसमोर गेल्या आणि मग गडी कमी होऊन तिसरी चढाई तिघांवर आली, तर जादा गुण नको.

शिट्टी:
हा नियम कागदावर चांगला, टेबलावर अवघड. आज गुणलेखकाला प्रत्येक संघाची रिकामी चढाई मोजावी लागते, बास. तुमच्या सूचनेत प्रत्येक रिकाम्या चढाईच्या वेळी समोर किती गडी होते तेही नोंदवावं लागेल. प्रो कबड्डीत पडदा आहे, तिसरा पंच आहे, रिव्ह्यू आहे. जिल्हा स्पर्धेत एका संध्याकाळी आठ-आठ सामने उरकतात, तिथे दोन गुणलेखक आणि एक घड्याळ. "त्या वेळी चार होते की तीन?" यावरून सामना थांबला तर कुणाकडे दाद मागणार?

हांगझोऊ एशियाडचा 2023 चा अंतिम सामना आठवा. 28-28 अशी बरोबरी, भारताचा पवन सहरावत तिसऱ्या चढाईवर. स्पर्श न करता तो राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागे तिथेच उतरले. जुन्या नियमाने गुण द्यायचे की नव्या, यावर पंच मत बदलत राहिले, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, खेळ बराच वेळ बंद. शेवटी भारत 33-29 ने जिंकला, पण नियम एका वाक्यात सांगता आला नाही की काय होतं, ते जगाने पाहिलं.

कृष्णाकाठ:
तो वाद राखीव क्षेत्राचा होता, तिसऱ्या चढाईचा नव्हता. दोन्हींची गल्लत नको.

माझा आक्षेप मुळावरच आहे. तिसरी चढाई ही टीव्हीसाठी आणलेली गोष्ट. त्याआधीही कबड्डी चालतच होती. राजू भावसार, अशोक शिंदे यांच्या काळात चढाईपटूवर अशी सक्ती नव्हती, म्हणून काय ते खेळ थंड होते? चढाईपटू आत जाऊन बचाव वाचायचा, कोपरा कधी पुढे सरकतो, मध्यरक्षक कुठल्या पायावर उभा राहतो, हे दोन-तीन चढायांत हेरायचा आणि मग हात टाकायचा. आता तिसऱ्याच फेरीला त्याला उडी घ्यावी लागते.

सातवा गडी:
थंड नव्हते, पण शेवटची पाच मिनिटं कशी जायची, ते का विसरता? साधा हिशोब करू. चढाई 30 सेकंदांची. शेवटच्या तीन मिनिटांत सहा चढाया, म्हणजे प्रत्येकी तीन. सक्ती नसेल तर एका गुणाने पुढे असलेल्या संघाने तीन वेळा निदानरेषा ओलांडून परत यायचं आणि समोरच्याच्या तीन चढायांना सातही जणांनी अंतिम रेषेपाशी चिकटून उभं राहायचं. संपला सामना. आज त्या तीनपैकी एक चढाई तरी जीव लावून करावी लागतेच. एका गुणाची आघाडी सुरक्षित राहत नाही, हे या नियमाचं सगळ्यात मोठं काम आहे.

आणि नियमाने चढाई दबली म्हणता, तर प्रो कबड्डीचा 2017 चा हंगाम बघा. नियम हाच होता. प्रदीप नरवालने हरियाणाविरुद्ध एका सामन्यात चढाईचे 34 गुण घेतले, त्यात एकाच चढाईत आठ. त्या हंगामात एकूण 369. त्याच हंगामात आपल्या रिशांक देवाडिगाने जयपूरविरुद्ध 28 घेतले. नियम तोच, गुण पडत होते. बदललं ते बचावाचं प्रशिक्षण.

डावा कोपरा:
अगदी हेच. तिसऱ्या चढाईला बचाव कसा उभा राहतो ते पाहा. पाच-सहा वर्षांपूर्वी कोपरारक्षक पुढे येऊन घोट्याला हात घालायचे आणि चढाईपटू उडी मारून निसटायचा. आता चांगले संघ पहिली वीस सेकंदं पकडच करत नाहीत. घड्याळ आपल्या बाजूने आहे, घाई त्याला आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कोपरे अंतिम रेषेजवळ, मध्यरक्षक त्यांच्यापासून हातभर आत, साखळीचा हात सैल. शेवटच्या आठ-दहा सेकंदांत चढाईपटू एका बाजूला झुकतो, वजन पुढच्या पायावर जातं, तेव्हा मध्यरक्षक धडक देऊन त्याला राखीव क्षेत्राबाहेर काढतो. त्या क्षणी कोपऱ्याने मागून घोटा धरायचा मोह टाळायचा. तिथेच चुका होतात. धडक बसण्याआधी कोपऱ्याचा हात लागला की चढाईपटूला आधार मिळतो, तो त्या हातावरूनच वळून मध्यरेषेकडे झेपावतो आणि एकाऐवजी दोन गडी घेऊन जातो.

इराणचा कोपरारक्षक फझल अत्राचली, त्याची ताकद मनगटात आहे असं सगळे म्हणतात. माझ्या मते त्याची खरी ताकद थांबण्यात आहे. सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर ही कोपऱ्यांची जोडी जमली, तीही एक पुढे गेला की दुसरा जागा धरायचा म्हणून.

मध्यरेषा:
म्हणजे तुम्हीच कबूल केलंत की तिसऱ्या चढाईत घड्याळ बचावाच्या बाजूने असतं. मग जादा गुणही त्यालाच का?

बोनसवाला:
कारण चढाईपटूंना तिसरी चढाई खेळायला कुणी शिकवत नाही. बहुतेकांचं गणित असं: पंधरा सेकंद मध्यरेषेजवळ नाचायचं, दहा सेकंद हुलकावण्या, शेवटच्या पाचात लाथ. त्या पाच सेकंदांत मारलेली लाथ म्हणजे एका पायावर उभं राहून घोटा समोर धरणं. हे उलटं व्हायला हवं. पहिल्या दहा सेकंदांतच एकदा खरा हल्ला करायचा, तोही कोपऱ्यावर न करता त्याच्या शेजारच्या मध्यरक्षकावर, धावत्या हाताने. तो मागे सरतो आणि साखळी तुटते. मग दुसऱ्या बाजूला वळून पुन्हा तेच. दोनदा साखळी तुटली की उरलेल्या दहा सेकंदांत कोपरा एकटा पडतो.

समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस आहेच. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत हवा, बास. अनुपकुमारने पहिल्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण घेतले, त्यामागे हे पायकाम होतं. तिसरी चढाई आली की तो घाबरायचा नाही, कारण सहा गड्यांसमोर त्याच्याकडे स्पर्शाशिवायचा एक गुण खिशात असायचा.

फक्त एक ध्यानात ठेवायचं. बोनसने गुण मिळतो, चढाईपटू वाचतो, पण आपला गडी जिवंत होत नाही. मुख्य चढाईपटू बाहेर बसलेला असेल तर बोनस घेऊन आलेला दुसरा चढाईपटू संघाला तात्पुरतं तारतो, एवढंच. त्याला उठवायला स्पर्शच हवा किंवा पकड हवी. आणि गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठतात. मुख्य चढाईपटूच्या आधी दोन बचावपटू बाद झाले असतील तर त्याची पाळी तिसरी. हे न बघता तिसऱ्या चढाईला कुणालाही बळीचा बकरा म्हणून पाठवणारे प्रशिक्षक सामना तिथेच घालवतात.

कृष्णाकाठ:
बळीचा बकरा हाच तर माझा मुद्दा आहे. मुख्य चढाईपटूला जपायचं म्हणून तिसऱ्या चढाईला दुय्यम पोराला ढकलतात. मुख्य खेळाडूने पहिल्या दोन चढाया फिरून यायचं, मरायला दुसरा. याला चढाईचं कौशल्य म्हणायचं?

सातवा गडी:
पण त्याच नियमातून दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूंना जागा मिळाली, हेही बघा. पूर्वी एकच नाव चाळीस मिनिटं आत-बाहेर करायचं. दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणच्या पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले, सामना तिथे फिरला. कप्तान अस्लम इनामदार, शेजारी मोहित गोयत आणि पंकज. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी तिघांवर भार वाटला होता. एका चढाईपटूवर अवलंबून असलेल्या संघाला असं जमत नाही.

मध्यरेषा:
ठीक, जादा गुणाला हात लावायचा नाही असं धरू. मग दुसरा उपाय सांगतो. तिसऱ्या चढाईत गडी कितीही असोत, बोनस खुला ठेवा. आज बोनस सहा किंवा सात गड्यांसमोरच मिळतो. तीन गड्यांसमोर सक्ती करताय, तर बोनसचा एक मार्ग तरी द्या.

डावा कोपरा:
मोजून बघा. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर, तिच्यामागे अंतिम रेषेपर्यंत पावणेदोन मीटर. तीन गडी 8 मीटर रुंदीत. कुणीतरी एक बाजू उघडी राहणारच, चढाईपटू तिकडे पाय टाकून परत. प्रत्येक तिसरी चढाई म्हणजे फुकटचा गुण. बोनस वाचवायला तिघेही रेषेवर आले तर मागे पळायला जागा नाही, पकडीला वेग नाही.

शिट्टी:
नियमाच्या बाजूने पाहिलं तर ही सूचना पहिल्यापेक्षा सोपी आहे. पंचाला काही लक्षात ठेवावं लागत नाही, तिसरी चढाई म्हणजे बोनस खुला, एवढंच. शिवाय बरोबरीनंतरच्या पाच-पाच चढायांत निदानरेषेलाच बोनस रेषा धरतात, म्हणजे बोनसच्या अटी बदलणं कबड्डीला नवीन नाही. डावा कोपरा म्हणतात ती अडचण खरी आहे, पण ती तीन गड्यांपुरती. चार-पाच गड्यांसमोर बोनस खुला केला तर?

डावा कोपरा:
पाच गड्यांसमोर चालेल. दोन कोपरे, दोन मध्यरक्षक, एक मधला, रेषा राखता येते. चारवर माझा विरोध. चौघांत मधला गडी नसतो, चढाईपटू मधूनच आत शिरेल.

मध्यरेषा:
पाचवर मी तयार आहे, पण मग तीन-चार गड्यांसमोरची तिसरी चढाई जशीच्या तशीच राहिली. माझी मूळ तक्रार तिथलीच आहे.

बोनसवाला:
ती राहू दे. तिघांसमोरची तिसरी चढाई टाळण्याची जबाबदारी चढाई करणाऱ्या संघाचीच आहे. समोर चार गडी असताना पहिल्या किंवा दुसऱ्या चढाईतच हात टाका, तिथे पकड झाली तरी एकच गुण जातो. चारवर वाट बघत बसायचं आणि तीन झाले की नियमाला दोष द्यायचा, हे पटत नाही.

कृष्णाकाठ:
चारवर हात टाका म्हणणं सोपं आहे. पाच गुणांनी पुढे असलेला कुठला प्रशिक्षक पहिल्या चढाईला तो धोका घ्यायला सांगतो, एक तरी दाखवा.