प्रतिसाद : लोक उठतात, पण बोलावल्यावर नाही

ब्राझीलचा नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल याच्या ‘फोरम थिएटर’मध्ये प्रेक्षकच नाटक थांबवून मंचावर येतात आणि प्रसंग बदलतात. काही जण म्हणतात की खेड्यातले प्रेक्षक लाजतात, असे मंचावर येत नाहीत, त्यामुळे ते आपल्याकडे चालणार नाही. माझा अनुभव उलटा आहे.

विदर्भातल्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं. वैनगंगेकाठची गावं त्यानंतर धरणासाठी उठवली गेली. अशाच एका पुनर्वसित गावठाणात आम्ही प्रयोग केला. पंचनाम्याचा प्रसंग होता. आमच्या पोरांनी खडूनं घराचा चौकोन आखला आणि साहेब झालेला नट टेप धरून मापं घ्यायला लागला. आमचा जोकर (बोआलच्या पद्धतीत सूत्रधाराला हेच म्हणतात) “कोणाला काही बदलायचंय का?” असं तीनदा विचारून थकला. सगळे गप्प.

मग मागून एक आजी तणतणत आली. “असा नवता माजा घर! सपरी कुठं हाये?” खडू हिसकावून तिनं सपरी (ओसरी) काढली, कोठा (गोठा) काढला, आणि मोहाचं झाड भलतीकडे काढलं म्हणून शेजारीण तिच्याशी भांडायला लागली. पुढचा अर्धा तास आमचं नाटक बाजूलाच. सातबाऱ्यावर बाईचं नाव नव्हतं, मोबदला परस्पर कुणी उचलला, हे सगळं त्या भांडणातच निघालं. नवऱ्यांसमोर!

झाडीपट्टीतला, म्हणजे या पूर्व विदर्भातला माणूस रात्रभर नाटक बघतो, दंडारीत (इथल्या लोकनाट्यात) नाचतो. त्याला मंचाची लाज कसली? “या, बोला” म्हटलं की सभा वाटते. त्यापेक्षा घर चुकीचं आखा.