पाय दिन १४ मार्चला की २२ जुलैला?

सुतळी_आणि_खडू

१४ मार्च उजाडला की शिक्षकांच्या ग्रुपवर पाय दिनाच्या शुभेच्छा सुरू होतात. हा पाय म्हणजे गणितातला π, वर्तुळाच्या परिघाचं व्यासाशी असलेलं गुणोत्तर. यंदा मी वर्गात त्याबद्दल बोलले, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, १४ मार्चच का?" मी सांगितलं, अमेरिकेत महिना आधी लिहितात, ३/१४, त्यावरून ३.१४. ती म्हणाली, "पण आपण तर १४/३ लिहितो ना?"

तिचं म्हणणं बरोबर आहे. हा दिवस १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केला. पाय हे ग्रीक अक्षर आणि फळं भरून भाजलेला 'पाय' हा गोल पदार्थ, दोन्हींचा इंग्रजी उच्चार एकच. म्हणून त्या दिवशी तो पदार्थ खातात. श्लेष छान आहे, पण तो त्यांच्या भाषेतला. आमची मुलं 'पाय' ऐकून पायाकडेच बघतात!

माझा प्रस्ताव असा की आपण २२ जुलै साजरा करावा. आपण तारीख २२/७ अशी लिहितो आणि शाळेत पायची किंमतही २२/७ हीच घोकलेली असते. हा दिवस बाहेरही काही लोक पाळतात, पण तो खरा शोभतो तो दिवस आधी लिहिणाऱ्यांना. शिवाय १४ मार्च ऐन परीक्षांत येतो. आमची शाळा दहावीचं केंद्र असते, त्यामुळे ना मैदान मोकळं ना वर्ग.

करायचं काय, तेही ठरवलंय. मैदानावर साडेतीन मीटर सुतळी खुंटीला बांधून फक्कीने वर्तुळ आखायचं, म्हणजे व्यास सात मीटर. मग बावीस मुलांना प्रत्येकी एक मीटर दोरी द्यायची आणि रेघेवर टोकाला टोक लावून उभं करायचं. वर्तुळ बंद होतं! नंतर डब्यातली भाकरी, चपाती, थालीपीठ जे असेल ते दोऱ्याने मोजायचं आणि खायचं. तुम्हाला काय वाटतं?

दोन_दशांश

बाई, बेत सुंदर आहे, तारीख पटली नाही. असे दिवस सगळ्यांनी एकत्र पाळण्यात गंमत असते. २०१९ साली युनेस्कोने १४ मार्च हाच आंतरराष्ट्रीय गणित दिन ठरवला. आइनस्टाइनचा जन्मही त्याच तारखेचा, १८७९ चा. माझा भाचा टोरांटोत शिकतो. त्या दिवशी तो आणि माझी मुलगी फोनवर पायचे आकडे म्हणायची शर्यत लावतात. २२ जुलैला तो कुणाशी खेळणार? आपण वेगळी चूल मांडली की मुलं त्या मोठ्या खेळातून बाहेर पडतात.

खडूफळा

एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. माझा २२ जुलैला विरोध आहे, आणि कारण तारखेच्या पद्धतीचं नाही.

नववीत आपण शिकवतो की पाय ही अपरिमेय संख्या आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात ती नेमकी लिहिता येत नाही. लँबर्ट या गणितज्ञाने ते अठराव्या शतकात सिद्ध केलं. पण दर वर्षी चांगली चांगली मुलं म्हणायची, "सर, पाय म्हणजे २२/७, मग तो परिमेयच की." सातवी-आठवीत प्रत्येक उदाहरणाखाली '२२/७ घ्या' लिहिलेलं असतं, ते डोक्यात काळ्या दगडावरच्या रेघेसारखं बसतं. ही समजूत काढता काढता माझी हयात गेली. आता तिचाच उत्सव करायचा? ३.१४ पाहून निदान पुढे काहीतरी आहे असं मुलाला वाटतं. २२/७ पाहून वाटतं, संपलं.

सुतळी_आणि_खडू

सर, तुमचं दुखणं मला रोज दिसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

३.१४ हाही परिमेयच आहे, १५७/५०. आणि दोघांत पायच्या जास्त जवळ २२/७ आहे! सात मीटर व्यासाच्या त्याच वर्तुळात २२/७ घेतलं तर परीघ खऱ्यापेक्षा सुमारे ९ मिलिमीटर जास्त येतो, ३.१४ घेतलं तर सुमारे ११ मिलिमीटर कमी. मुलांना हा हिशेब करायला लावला की २२/७ 'बरोबर' नसून 'जवळ' आहे हे त्यांना स्वतःच्या हाताने कळेल. समजूत मोडायला याहून चांगला दिवस कोणता?

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त हाच भेद केलाय. परिघासाठी ३९२७/१२५० हे गुणोत्तर त्यांनी सूक्ष्म म्हटलं आणि २२/७ ला स्थूल, व्यवहाराला योग्य. त्यांच्याही आधी आर्यभटांनी ६२८३२/२०००० देताना 'आसन्न' हा शब्द वापरला, म्हणजे जवळचं. आपल्याकडे २२/७ पोचलं, सोबतचा 'स्थूल' हा शब्द मात्र वाटेत गळला. तो मला वर्गात परत आणायचाय.

बे_एरियातली_वहिनी

मी मुलांना घेऊन एक्स्प्लोरेटोरियमला १४ मार्चला गेले आहे. दुपारी १ वाजून ५९ मिनिटांनी मिरवणूक निघते, कारण ३.१४ च्या पुढचे आकडे १५९. एकेक आकडा हातात घेऊन लोक ओळीने चालतात आणि पायसाठी तिथे केलेल्या 'पाय श्राइन' या छोट्या स्थानाभोवती फेऱ्या घालतात. माझ्या सासूबाई सोबत होत्या. त्या चपला काढायला लागल्या, म्हणाल्या, "प्रदक्षिणाच आहे ही." मला भरून आलं. तारखेचं काहीही ठरवा, पण आकडे हातात घेऊन चालणं जरूर ठेवा. माझ्या लेकाला पायचा नववा आकडा अजून पाठ आहे, कारण तो त्याने स्वतः धरला होता.

कोकणातला_मास्तर

२२ जुलैला आमच्याकडे मैदान म्हणजे तळं. फक्की पाच मिनिटांत वाहून जाईल, आणि अतिवृष्टीची सुट्टी लागली तर दिवसच गेला. घाटावरून नियम करताना आमचा विचार करा.

सुतळी_आणि_खडू

@कोकणातला_मास्तर, दादा, खरं आहे, हे सुचलंच नव्हतं. व्हरांड्यात ७० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आणि १० सेंटिमीटरच्या बावीस पट्ट्या चालतील का?

कोकणातला_मास्तर

चालतील. पट्ट्या जाड दोऱ्याच्या करा. कागदाची पट्टी जमिनीवर गोलाईत वळत नाही आणि पावसात सर्दावते.

नकोत_आणखी_दिवस

कटू वाटेल, पण लिहितो. शाळेत आधीच किती दिवस! प्रत्येकाचे फोटो, प्रत्येकाचा अहवाल. आणखी एक दिवस म्हणजे शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक ओझं. आणि वरून आणलेले दिवस मातीत रुजत नाहीत. आपल्याकडे सण काय कमी आहेत?

ऑरेंजसिटीकर

भाऊ, आमच्या नागपूरचा तान्हा पोळा बघा. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. हा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये मुलांसाठी सुरू केला असं सांगतात. म्हणजे तोही कुणीतरी एके दिवशी सुरूच केला होता. पोरांच्या हातात खेळायला काही दिलं, म्हणून रुजला. तुमचं अहवालाचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. या दिवसाचा फोटो नको, परिपत्रक नको.

नकोत_आणखी_दिवस

परिपत्रक नसेल तर माझा विरोध निम्मा झाला. कुणाला सक्ती नको, एवढं बघा.

खडूफळा

बाई, 'स्थूल' शब्दाने मला विचारात पाडलं. तारखेला माझा पूर्ण होकार अजून नाही. पण फळ्यावर पाय आणि २२/७ यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह न काढता 'सुमारे'चं काढणार असाल, आणि ते ९ मिलिमीटर मुलांकडून काढून घेणार असाल, तर मी स्वतः येऊन सुतळीचं टोक धरीन.

गिरणाकाठचा

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख कुणी पाहिलाय का? भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याची नोंद आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यात जुन्या मराठीत लिहिलंय की पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. गणिताच्या शिकवणीसाठी बाजाराचा कर! आम्ही चौघं शिक्षक २२ जुलैला मुलांना तिथे नेतोय. दोरी आमच्याकडे आहे, बाई. खुंटी कशाची ठोकता, लोखंडी की लाकडी?

सुतळी_आणि_खडू

लाकडी. आणि सुतळी आदल्या रात्री भिजवून ताणून वाळवा, नाहीतर मोजताना लांबते.