बीएस६ डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सारखा चोक होतोय, मदत हवी आहे

गाडी २०२१ ची डिझेल एसयूव्ही, मॅन्युअल, वॉरंटी संपलेली, अॅडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळं भरायचं युरियाचं द्रावण) लागत नाही. रनिंग जास्त करून जळगाव शहरातलंच, घर ते एमआयडीसी, इंजिन नीट तापायच्या आत बंदच होते. डीपीएफचा लाईट लागला की धुळे हायवेला काढतो, आरपीएम २००० च्या वर ठेवून २०-२५ मिनिटं सलग चालवतो, लाईट जातो पण थोड्या दिवसांत परत हजर. फोर्स्ड रिजनरेशन (स्कॅनर लावून फिल्टरमधली काजळी जाळणं) झालं, ऑइल लो-अॅशच (कमी राख सोडणारं) आहे, एअर फिल्टर नवा (आपल्याकडची धूळ माहितीच आहे). आता डिपस्टिकवर ऑइल लेव्हल वर चढलेली दिसतेय, म्हणजे अर्धवट रिजनरेशनचं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय बहुतेक, ऑइल तर लगेच बदलतोय पण इंजिनाची खरंच काळजी वाटते. सर्व्हिस सेंटरवाले थेट डीपीएफ बदला म्हणतात, प्रेशर सेन्सर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर काहीच तपासलं नाही त्यांनी. डीपीएफ काढून टाका, रीमॅप करा (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदला) असं कृपया सुचवू नका, ते बेकायदेशीर आहे आणि मला करायचंच नाही.

फिल्टरमध्ये जळणारी काजळी अडकलीय की न जळणारी राख, हे स्कॅनरवर कोणत्या रीडिंगवरून कळेल? आणि जळगाव, भुसावळ, धुळे भागात डीपीएफ उतरवून नीट साफ करून देणारं, स्वतः अनुभव घेतलेलं कोणी आहे का, खर्च किती आला?