मदत हवी आहे: जपानीतल्या 'मेक्किरी' आणि 'गुत्तो' यांत नेमका फरक काय?

जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) एन२ पातळीची तयारी करतोय. 'दाइबु' म्हणजे बरंच, 'सुक्कारी' म्हणजे पूर्णपणे, एवढं पक्कं बसलंय. 'सुक्कारी आकी नी नात्ता', म्हणजे शरद ऋतू पुरता आला. पण 'मेक्किरी सामुकु नात्ता' आणि 'गुत्तो सामुकु नात्ता' या दोन्हींचं मराठी मी 'थंडी चांगलीच वाढली' असंच करतो, आणि तिथेच अडतो. 'गुत्तो'मध्ये एकदम मोठी उडी जाणवते. तुलनेतही 'गुत्तो यासुई' (कितीतरी स्वस्त) चालतं. 'मेक्किरी' मात्र ऋतू, म्हातारपण, घटलेली संख्या अशाच वाक्यांत भेटतं. आजोबा हल्ली फार थकलेत, यातलं 'हल्ली'सुद्धा 'मेक्किरी'तच येतं का? आणि सुधारणेसाठी, समजा कोणाचं जपानी छान झालं तर, बोलताना 'मेक्किरी' सहज वापरतात का? जपानमध्ये राहिलेल्यांनी कृपया रोजच्या बोलण्यातली वाक्यं द्यावीत.