बंगाल मांजर घ्यावं का? फ्लॅट, नोकरी, घरात वयस्कर आई. सल्ला हवाय

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. लेकीनं (वय ९) मोबाईलवर बंगाल मांजराचे व्हिडिओ बघितले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. अंगावर बिबट्यासारखे ठिपके काय, नळाखाली खेळतंय काय, दार उघडतंय काय. खोटं कशाला बोलू, भुरळ मलाही पडलीय.

कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे. आम्ही दोघं साडेनऊ ते साडेसहा बाहेर. घरात आई, वय ७१, गुडघे दुखतात. गडहिंग्लजकडं गावी मांजरं असायची, पण ती आपली आपण जगणारी. घरात बांधल्यागत ठेवलेलं मांजर कधी सांभाळलेलं नाही.

नेटवरचा एक विक्रेता बंगळुरूहून पिल्लू पाठवतो म्हणतोय. बोका, ७ आठवड्यांचा, ८५ हजार. 'एफ२ आहे, २५ टक्के जंगली रक्त, म्हणून हा रेट.' निम्मे पैसे आधी, पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येणार. कुणी पाळलंय का? आमच्यासारख्या घरात जमतंय का? आणि हा रेट बरोबर आहे का?

भावा_जपून
पैसे पाठवलास का? नसशील तर पाठवू नको. बाकीचं सावकाश बोलू.

तिसरा_मजला
अजून नाही.

भावा_जपून
मग वाचलास. माझ्या मेव्हण्याला असंच 'बंगाल' आलं होतं ट्रॅव्हल्सच्या डिकीतनं. आपलं साधं पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू, जुलाब लागलेलं. पाचव्या दिवशी गेलं. विकणाऱ्याचा फोन त्याच्या आदल्या दिवसापासनं बंद.

ठिपक्यांची_आई
माझ्याकडं चार वर्षं बंगाल बोका आहे. नाव खंड्या, कारण पाणी दिसलं की सूर मारतो. (मी बाईच आहे हं. पेठेत वाढलो, त्यामुळं 'मी आलो, मी गेलो'च. पुण्याच्या मंडळींनी गोंधळू नये.)

आधी आवाजाचं सांगतो. साधं मांजर म्याव करतं, हा आळवतो. पहाटे साडेचारला सुरू होतो आणि कुणीतरी उठल्याशिवाय थांबत नाही. उठून खायला घातलंत की संपलं, मग रोजचीच वेळ ठरली. मी ती चूक केली.

दुसरं म्हणजे त्याला माणूस लागतंय. आता मी घरून काम करतो म्हणून निभावतंय. पहिले सहा महिने ऑफिसला जायचो तेव्हा संध्याकाळी दार उघडताना पोटात गोळा यायचा. एकदा बाथरूमचा दांडीचा नळ यानं उघडला. टाकी रिकामी आणि खालच्यांच्या छताला ओल. आता सगळे नळ फिरकीचे. फ्रिजला लहान मुलांसाठी मिळतं ते कुलूप. नवऱ्याची नवीकोरी कापशी चप्पल होती, तिचा अंगठा खाल्ला.

हा द्वाडपणा नाही, अंगातली रग आहे. ती जिरवावी लागते. सकाळ-संध्याकाळ २०-२५ मिनिटं पिसाच्या काठीमागं पळवायचं, शेवटी पकडू द्यायचं आणि लगेच खायला घालायचं. शिकार, जेवण, झोप, असा त्याचा हिशेब आहे. नुसतं लेझरचं लाल टिपकं फिरवू नका. हाती काहीच लागत नाही म्हणून आणखी पिसाळतो.

पळायचं चाक ऑनलाईन फार महाग होतं. मग उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरला फोटो दाखवला. तो म्हणाला, "ताई, हे उंदराचं चाक की." म्हटलं होय, फक्त आत बोका. चार फूट व्यास, प्लायवूड, दोन बेअरिंगं, आतनं जुनं कार्पेट. ऑनलाईनच्या तिसऱ्या हिश्श्यात झालं. कास्टिंग आणि बेअरिंगच्या गावात राहून एवढं तर व्हायलाच पाहिजे.

नसबंदी पाच-सहा महिन्यांत उरकायची. 'अजून लहान आहे' म्हणत मी दहाव्यापर्यंत थांबलो. तेवढ्यात त्यानं पडद्यावर, सोफ्यावर आणि एकदा देव्हाऱ्यापुढच्या पाटावर धार मारली. सासूबाईंनी दोन दिवस बोलणं टाकलं होतं.

तुमच्या आईंचं खरंच बघा. हा पायात येतो आणि वाऱ्यासारखा येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते धोक्याचं आहे.

शिरवळ_पासआउट
जनावरांचा डॉक्टर आहे, त्यामुळं रक्ताच्या टक्क्यांवर बोलतो.

बंगाल हा संकर आहे, एशियन लेपर्ड कॅट आणि पाळीव मांजर यांचा. त्या जंगली मांजराचं शास्त्रीय नाव प्रायोनायलुरस बेंगालेन्सिस, त्यातलं 'बंगाल' या जातीला चिकटलं. कोलकात्याशी संबंध नाही. अमेरिकेत जीन मिल या बाईंनी १९६३ मध्ये पहिला संकर केला आणि १९८० च्या दशकात जात पक्की करायला घेतली. गंमत अशी की १९८२ मध्ये त्या दिल्लीला आल्या, तेव्हा प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारं एक ठिपक्यांचं बेवारस मांजर त्यांना मिळालं. ते त्यांनी अमेरिकेला नेलं आणि पैदाशीत वापरलं. बंगालच्या अंगावर जी चकाकी दिसते ती या दिल्लीकराकडून आली असं मानतात.

एफ१ म्हणजे आईबापांपैकी एक थेट जंगली. एफ२ म्हणजे आजा किंवा आजी जंगली, म्हणून २५ टक्के. एफ३ ला साडेबारा. घरात पाळतात ते बंगाल चौथ्या पिढीपासून पुढचं. पहिल्या तीन पिढ्यांतली मांजरं बुजरी असतात, माणसाला अंगाला हात लावू देतीलच असं नाही, आणि त्यांतले बोके बहुतेक वांझ निघतात. म्हणजे तुमचा विक्रेता ज्या गोष्टीचे जास्त पैसे मागतोय ती घरासाठी उणी बाजू आहे.

आणि ती खरी असली तर आणखी वाईट. लेपर्ड कॅट आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. सायटीस म्हणजे रानटी प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्यानुसार मागच्या चार पिढ्यांत असा जंगली पूर्वज असला तर संकरालाही जंगली प्राण्याचेच नियम लागतात. तेव्हा 'एफ२' म्हणणारा एक तर थापा मारतोय, नाही तर तुम्हाला कायद्याच्या लफड्यात ओढतोय. मला पहिलं वाटतं.

पिल्लू १२ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. सातव्या आठवड्यात आणलेलं पिल्लू चावायचं किती ते शिकलेलंच नसतं. तिहेरी लसीचे दोन डोस आणि रेबीज झालेलं असावं. आईबापांचा हृदयाचा इको झालाय का विचारा, कारण या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. पीके डेफिशियन्सी आणि पीआरए-बी या दोन जनुकीय चाचण्यांचे रिपोर्ट मागा. पहिल्यात रक्तक्षय होतो, दुसऱ्यात दृष्टी जाते. रिपोर्ट मागितल्यावर विक्रेता चिडला तर तुमचं काम सोपं झालं.

नाद_खुळा_७७
बंगाल कशाला, घ्यायचं तर सॅव्हाना घ्या की! कुत्र्याएवढं होतंय. नाद करायचा नाय!

शिरवळ_पासआउट
@नाद_खुळा_७७, सॅव्हाना म्हणजे आफ्रिकेतल्या सर्व्हल या रानमांजराचा संकर. पहिलं पिल्लू १९८६ चं. उभ्या उभ्या आठ फूट उडी मारतं. ऑस्ट्रेलियानं २००८ मध्ये आयातीवरच बंदी घातली, तिथल्या रानातल्या लहान जनावरांचा फडशा पडेल म्हणून. राजारामपुरीच्या फ्लॅटमध्ये आठ फुटांवर पंखा असतो भावा.

जुना_दरबार
वाचून मौज वाटली. आमच्या कोल्हापूरला हे वेड नवं नाही. संस्थानात शिकारीचे चित्ते होते. इथले संपले तेव्हा आफ्रिकेतून आणले. बैलगाडीतून डोळ्यांवर टोपी घालून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की सोडायचे. माझे आजोबा सांगायचे, चित्तेवानाची खाट चित्त्याशेजारी असायची. तो त्याच्याबरोबरच उठायचा आणि त्याच्याबरोबरच झोपायचा. तेवढंच त्याचं काम. आता तुमच्या घरी साडेनऊ ते साडेसहा चित्तेवान कोण, ते आधी ठरवा.

ठिपक्यांची_आई
@जुना_दरबार, आजोबा, हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला आपल्या घरी चित्तेवान मी आणि पगार नाही.

ऊसपट्टा
शिरोळकडं शेती आहे. थोडं वेगळं, पण सांगायलाच पाहिजे. तोडणी सुरू झाली की फडात ठिपक्यांची पिल्लं सापडतात. कधी रानमांजर, कधी वाघाटी. आमच्याकडं ठिपक्यांच्या कुठल्याही लहान रानमांजराला वाघाटीच म्हणतात. मागं एका पोरानं दोन पिल्लं उचलून नेली आणि 'बंगाल आहे' म्हणून फोटो फिरवले. दहा हजाराला घ्यायला गिऱ्हाईकही तयार! आम्ही वन खात्याच्या १९२६ वर फोन लावला. त्यांनी पिल्लं त्याच बांधावर टोपलीत ठेवली आणि माणसं लांब केली. रात्री आई येऊन एकेक करून घेऊन गेली. तेव्हा 'स्वस्तातलं बंगाल' कुणी दिलं तर ते कुठनं आलंय बघा. ते पाळणं गुन्हा आहे आणि पिल्लू जगतही नाही.

गंगावेस_कट्टा
मला एकच विचारायचंय. खायला काय घालायचं? आमच्याकडं मांजराला म्हशीचं दूध आणि रविवारी रश्श्यातलं मटण.

शिरवळ_पासआउट
दोन्ही बंद. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पैलवानाला ठीक आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, तो मांजराच्या रक्तातल्या पेशी फोडतो. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं शिजवलेलं चिकन चालेल, पण नुसत्या त्यावर ठेवू नका, मांजराला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य त्यातनं पुरत नाही. मांजराचंच तयार खाणं मुख्य ठेवा. कुत्र्याचं नको.

बंगालला कच्चं मांस लागतं असं नेटवर लिहिलेलं असतं. नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले. मांजरकुळाला तो आजार लागतो. कच्ची कोंबडी घालू नका.

आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात द्यायची नाही. एका गोळीनं मांजर जातं. कुत्र्याच्या गोचिडाचं औषधही लावू नका. पर्मेथ्रिन असलं तर तेही जिवावर बेततं.

व्हीनस_कॉर्नर
एक भर घालतो. पिंजऱ्यात (कॅरियरमध्ये) बसायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. तो उघडा ठेवून त्यातच खायला घाला. २०१९ च्या पुरात आम्हाला बोटीतनं काढलं तेव्हा शेजाऱ्यांचं मांजर माळ्यावर जाऊन बसलं, हातालाच येईना. आमचं साधं मांजर मात्र आपसूक पिंजऱ्यात. विसर्जनाच्या रात्री डॉल्बी असतंय तेव्हाही आमचं स्वतःच आत जाऊन बसतं.

तिसरा_मजला
सगळ्यांचे आभार. काल त्या विक्रेत्याला आईबापांचे रिपोर्ट आणि नोंदणीचा कागद मागितला. 'साहेब, घ्यायचं तर घ्या, टाइमपास करू नका' म्हणाला आणि ब्लॉक केलं. विषय संपला.

ताईंनी घरी बोलावलं होतं, रविवारी सगळे जाऊन आलो. खंड्या फोटोपेक्षा देखणा आहे. पाचव्या मिनिटाला बायकोच्या खांद्यावर, दहाव्या मिनिटाला तिच्या पर्समध्ये. लेक चाकासमोरनं हलेना. आई खुर्चीत बसली होती. तो तिच्या काठीच्या टोकाशी खेळला आणि मग मांडीवर येऊन पसरला. परत येताना बायको म्हणाली, "मला नको." आई म्हणाली, "मला चालेल." हे कुणालाच अपेक्षित नव्हतं.

ठिपक्यांची_आई
तुमच्या घरी पिल्लू नकोच, आधीच सांगतो. पण माझ्या ओळखीत सांगलीला एक भाटी आहे. बंगालच, सहा वर्षांची, नसबंदी झालेली, कागद आहेत. मालकांची मुलगी परदेशी निघालीय, घरी नातवाला दमा. पैसे नकोत, घर बघणार आहेत. सहा वर्षांत रग बरीच उतरलेली असते. दिवसभर आजी आजोबांजवळ बसून सवय आहे तिला. इको मात्र एकदा पुण्याला नेऊन करून घ्या.

शिरवळ_पासआउट
+१. आणल्यावर पहिला आठवडा एकाच खोलीत ठेवा. वाळू, खाणं, लपायला खोकं, सगळं तिथंच. आईंना त्या खोलीत बसून काहीतरी वाचू दे, मांजराकडं बघायचंसुद्धा नाही. ते आपणहून येतं.

तिसरा_मजला
आईची पोथी वाचायची खोली तीच. बायको 'बघू' वर आलीय, म्हणजे आमच्याकडं निम्मं काम झालं. पुढच्या शनिवारी सांगलीला जातोय. पण ताई म्हणाल्या खिडक्यांना जाळी बसल्याशिवाय आणायची नाही. तेव्हा मंडळी, राजारामपुरीत येऊन स्टीलची जाळी बसवणारा कुणी असेल तर सांगा की.

भावा_जपून
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. कबुतराची नायलॉनची देतो म्हणेल, ऐकू नको, आठवड्यात कुरतडतंय.

ठिपक्यांची_आई
आणि माप देताना बाथरूमची वरची छोटी खिडकी विसरू नका. माझा तिथनंच गेला होता. दोन दिवसांनी खालच्या बेकरीत सापडला.