'सेशन हायजॅकिंग'ला 'सत्र अपहरण' म्हणावं का?

अर्धविराम: वेब सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी चाललंय. 'सेशन हायजॅकिंग', म्हणजे दुसऱ्याचं चालू लॉगिन परस्पर वापरणं, यासाठी 'सत्र अपहरण' सुचवलं गेलंय. 'सत्र' म्हटलं की आधी सहामाही परीक्षा आठवते. चालेल का?

वेलांटी: सत्र चालेल. संस्कृतात दीर्घकाळ चालणारा सोमयाग म्हणजे सत्र. 'अन्नछत्र'मधलं छत्रही मुळात सत्रच. ठरावीक काळ सलग चालणारं काम, हा अर्थ लॉगिन ते लॉगआउटला नीट बसतो.

बंदोबस्त: सत्राला हरकत नाही, अपहरणाला आहे. अपहरण झालेलं विमान वैमानिकाच्या ताब्यात उरत नाही. इथे तसं होत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला मागच्या विनंतीची आठवण नसते, म्हणून सर्व्हर कुकीत (ब्राउझर जपून ठेवतो आणि दर विनंतीबरोबर परत पाठवतो ती छोटी नोंद) एक ओळखक्रमांक देतो. टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये त्याचं नाव 'जेसेशनआयडी', पीएचपी या वेब-भाषेत 'पीएचपीसेसआयडी'. लॉगिननंतर पासवर्ड कोणी विचारत नाही, हा क्रमांकच पाहिला जातो. त्याची नक्कल दुसऱ्याकडे गेली की सर्व्हरच्या लेखी दोघे एकच. खऱ्याचं काम बिनबोभाट चालूच असतं, म्हणून तक्रारही येत नाही. अर्थाने 'तोतयेगिरी' जवळची.

अर्धविराम: 'सत्रचोरी' केलं तर?

वेलांटी: 'माहितीची चोरी' रूढ आहे आणि तिथेही मूळ माहिती जागेवरच असते. सत्रचोरी घ्या.

बंदोबस्त: मान्य. मात्र 'सेशन फिक्सेशन' त्यात कोंबू नका. तिथे चोर क्रमांक घेत नाही, देतो. आधी स्वतः सर्व्हरकडून क्रमांक मिळवतो, दुव्यातून तुमच्या ब्राउझरला चिकटवतो आणि तुम्ही लॉगिन करायची वाट पाहतो. केलंत की त्याच्या हातातला क्रमांक तुमच्या नावाने चालू! उपाय म्हणजे लॉगिन होताच क्रमांक बदलणं: जावाच्या सर्व्हलेट प्रमाणात ३.१ आवृत्तीपासून 'चेंजसेशनआयडी', पीएचपीत 'सेशन_रीजनरेट_आयडी'. या दुसऱ्याला 'ट्रू' (होय) हे मूल्य दिलं नाही, तर जुनं सत्र सर्व्हरवर तसंच पडून राहतं.

वेलांटी: म्हणजे सत्र माथी मारणं. 'सत्रलादणी' म्हणता येईल, पण कानाला बरं नाही. क्रियापदच ठेवा.

अर्धविराम: कुकीला लावायच्या 'सिक्युअर' या खुणेला 'सुरक्षित' लिहिलंय.

बंदोबस्त: चूक. त्याचा अर्थ एवढाच की ही कुकी फक्त एचटीटीपीएसवरून, म्हणजे कूटबद्ध जोडणीवरून, पाठवली जाईल. पानात घुसवलेली स्क्रिप्ट ती तरीही वाचू शकते. ते अडवायला 'एचटीटीपीओन्ली' ही दुसरी खूण लागते. 'केवळ एचटीटीपीएसवर' असं सरळ लिहा. आणि 'एचटीटीपीओन्ली'चं शब्दशः भाषांतर तर मुळीच नको, वाचणाऱ्याला वाटेल एचटीटीपीएस बंद! 'स्क्रिप्टला वाचता न येणारी' म्हणा.

अर्धविराम: आणखी दोन वाक्यं: 'लॉगआउट म्हणजे कुकी पुसणे' आणि 'सत्र ३० मिनिटांनी संपते'.

बंदोबस्त: दोन्ही बदला. कुकी पुसून फक्त तुमची प्रत जाते. चोराची चालतच राहते. सत्र सर्व्हरवर रद्द व्हायला हवं. पासवर्ड बदलल्यावरही तेच: चालू सत्रं वेगळी रद्द करावी लागतात. टॉमकॅटमध्ये मुळात ठरलेली ३० मिनिटं ही निष्क्रियतेची, म्हणजे एकही विनंती न येण्याची, आहेत. चोराने दर २५ मिनिटांनी एक विनंती पाठवली तर सत्र मरत नाही. कमाल आयुष्याची मर्यादा वेगळी घालावी लागते, तेव्हा शब्दही दोन हवेत.

वेलांटी: 'निष्क्रियता मर्यादा' आणि 'सत्रायुष्य'. दुसरा जड वाटला तर 'सत्राची कमाल मुदत'.